विहिरीवरचं इंजिन

भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक काय सांगतो? हवा खेळती आहे, शेजार चांगला आहे, स्टेशन दहा मिनिटांवर आहे. वसईजवळच्या गास गावातल्या त्या वाडीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा घरमालक काकांनी मला दारातच थांबवलं आणि म्हणाले, "आधी दोष ऐकून घ्या, बाई. मग आत या."

मग त्यांनी बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. पावसाळ्यात मोरीच्या कोपऱ्यातून गळतं. दरवर्षी दुरुस्त करतो, दरवर्षी गळतं. मागच्या केळीत धामण राहते. ती विषारी नसते, पण हे सांगून कोणाची भीती गेल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. संडासाची कडी नीट लागत नाही, आत बसून खाकरत राहावं लागतं. शेजारचा कोंबडा पहाटे तीनला आरवतो. आणि शेवटी, आवाज जराही खाली न आणता, "आमची मंडळी रागीट आहे. पन मनात ठेवत नाय."

मंडळी, म्हणजे काकू, तिथेच ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी मात्र जागच्या जागी थिजले. मी कराडकडची, नालासोपाऱ्यातल्या शाळेत नोकरी लागली म्हणून इकडे आलेली. त्याआधी मला नऊ खोल्या दाखवल्या गेल्या होत्या आणि नऊच्या नऊ मालकांनी तोंड भरून थापा मारल्या होत्या. "बरं, गुण काय आहेत खोलीचे?" असं मी विचारलं, तर काकांना प्रश्नच कळला नाही. "गुन दिसतात की," ते म्हणाले. "डोळे आहेत ना तुम्हाला?"

मी खोली घेतली. सात वर्षं राहिले. मोरी गळायची, कोंबडा तीनला आरवायचा, धामण मी दोनदा पाहिली. काका जे बोलले होते त्यातलं अक्षरही खोटं निघालं नाही. काकूंच्या रागाचं तेवढं मला कधी दिसलं नाही, पण त्याला कारण वेगळं होतं, ते पुढे येईल.

"सांगून द्यावं" हे त्यांचं ब्रीद होतं. पंचक्रोशीत त्यांना पंपवाले म्हणत. गास, चांदीप, कुठेही विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की काकांना बोलावणं यायचं. इंजिन दुरुस्त करून झालं की ते मालकाला शेजारी बसवून त्यात अजून काय काय बिघडू शकतं ते सांगत. एकाने घाबरून नवंच इंजिन घेतलं, तर काका त्याच्याकडे जाऊन नव्या इंजिनाचेही दोष सांगून आले. एकदा पुतण्याच्या सोयरिकीला त्यांना वडीलधारे म्हणून नेलं होतं. मुलीकडच्यांनी पोहे पुढे केले आणि यांनी बशी हातात घेत सांगितलं, की मुलगा चांगला आहे, फक्त डाव्या कानाने कमी ऐकतो आणि दर महिन्याला नोकरी सोडायची भाषा करतो. सोयरीक जुळली ती जुळलीच, कारण मुलीच्या बापाला असा माणूस जन्मात भेटला नव्हता. पण त्यानंतर भावकीने काकांना सोयरिकीला नेणं बंद केलं. बारशाला बोलवायचे, तेही बाळ झोपलेलं असताना.

काकांकडे एक गाडीही आहे, याचा पत्ता मला राहायला आल्याच्या दिवशीच लागला. चपला ठेवायला जागा शोधत होते. ओटीवरच्या कोनाड्यात तांब्याच्या ताम्हनात आठ पिस्टन मांडलेले, घासून लख्ख, अभिषेक झालेल्या देवांसारखे. मी विचारलं हे काय, तर काकू म्हणाल्या, "ते त्यांचे. हात नका लावू. मला पन परवानगी नाय." मागे गेले तर जांभळाखाली ताडपत्रीने झाकलेली गाडी. मी आयुष्यात इतकी लांब गाडी पाहिली नव्हती. दोनच दारं, लांबलचक नाक, आखूड पार्श्वभाग, आणि नाकाच्या आत रिकामं भगदाड. दारं काढून गोठ्यात टांगलेली. मागच्या सीटच्या जागी कोंबडी अंड्यावर बसली होती आणि ती माझ्यावर अशी गुरगुरली की गाडी तिचीच असावी.

गोष्ट अशी होती. मुंबईच्या कोणा शेठचा इकडे समुद्राकडे बंगला होता, त्याचा पंप काका बघत. शेठ गेला. मुलांनी बंगला विकला आणि बागेत गंजत पडलेली ही अमेरिकन गाडी भंगारात काढली. काकांनी ती कागदपत्रांसह मागून घेतली. जन्मभर एका सिलिंडरच्या इंजिनावर हात चालवलेल्या माणसाला आठ सिलिंडर दिसले, चार-चारच्या दोन ओळींत. "एका घरात आठ भाऊ, आनि सगळे एकमेकांचं ऐकतात," असं ते मला म्हणाले. हे वाक्य भावकीशी न पटणाऱ्या माणसाचं आहे हे लक्षात घेतलं तर त्यांच्या डोळ्यात तेव्हा पाणी का होतं ते कळेल.

अकरा वर्षं ते इंजिन बांधत होते. रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व्ह; मिळालं ते जमवलं, नाही मिळालं ते वसई पूर्वेच्या गाळ्यांत लेथवर करून घेतलं. कुठल्याही कॉलेजात न गेलेला माणूस, वहीत पेन्सिलने मापं लिहायचा आणि लेथवाल्या पोरांना केसाच्या जाडीची चूक दाखवून परत पाठवायचा. गाडीच्या अंगाचं काम मात्र तसंच राहिलं. पत्रा ठोकणं हे आपलं काम नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता विहिरीबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं.

वाडी दीड एकराची. केळी, चिकू, नारळ, काकूंचा मोगरा आणि सोनटक्का. सगळं त्या एका विहिरीवर. विहीर काकांच्या आजोबांनी खणलेली, पाणी खडीसाखरेसारखं, असं गावातले म्हातारे सांगत. आजूबाजूच्या वाडीवाल्यांनी टँकरला पाणी विकायला सुरुवात केली. जमिनीतलं गोड पाणी उपसत गेलं की समुद्र खालून आत सरकतो. एकेक करून शेजारच्या विहिरी मचूळ झाल्या, मग खाऱ्या झाल्या, मग त्या वाड्यांवर इमारती आल्या. काकांनी एक टँकर कधी भरू दिला नाही. घरात नळ घेतला नाही. "नळाचं पानी म्हंजे दुसऱ्याच्या विहिरीचं पानी," असं म्हणत. माझ्या खोलीला तेवढा नळ होता, कारण मी त्यावर अडून बसले होते. आणि एक वाक्य ते वरचेवर बोलून दाखवत, काकूंच्या देखत, बिल्डरचा माणूस येऊन गेला की हमखास, "विहीर खारी झाली ना, की वाडी माझी नाय. दुसऱ्या दिवशी देऊन टाकेन. खाऱ्या पान्यावर झाडं मारत बसनार नाय मी."

हे नुसतं बोलणं नव्हतं. काका बोलले की करत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

करोनाच्या साथीत काका आजारी पडले, बरे झाले, पण चव गेली ती परत आलीच नाही. मीठ, साखर, मिरची, सगळं सारखंच. त्यांनी हेही सगळ्यांना सांगून टाकलं, दोष असल्यासारखं. पण विहिरीचं पाणी ते रोज स्वतः चाखून बघत, ते आता कसं चाखायचं? मी म्हटलं, काकूंना विचारा, मला विचारा. त्यावर ते जे बोलले ते मी विसरू शकत नाही. "मानसाची जीभ मन राखते, बाई. डाळ कोनाचं मन राखत नाय."

खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे इकडे लहान पोरालाही माहीत असतं. कितीही शिट्ट्या करा, दाणा दाताखाली येतोच. म्हणून रोज दुपारी काका डाळीचा पहिला घास घेत, डोळे मिटून जिभेने दाणा दाबत, तो विरघळला की मान हलवत. विहीर गोड आहे. मग पुढचं जेवण.

साथीनंतरच्याच वर्षी, उन्हाळ्यात, एका दुपारी काकू माझ्या मागच्या खिडकीशी आल्या. पदराखाली कळशी. मी शाळेतून नुकतीच आले होते. "बाई," त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या नळाचं एक कळशी पानी द्याल? डाळीपुरतं."

दोन दिवस डाळ शिजली नव्हती. पहिल्या दिवशी काका म्हणाले डाळ जुनी असेल. दुसऱ्या दिवशी स्वतः बाजारात जाऊन नवी डाळ आणली. तीही टणक राहिली. तेव्हा ताट तसंच सोडून ते विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले, संध्याकाळपर्यंत. काकूंनी पन्नास वर्षांत त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. मी कळशी भरून दिली. त्या दिवशी डाळ मेणासारखी शिजली. काका पोटभर जेवले आणि काकूंना म्हणाले, बघ, काल शिट्ट्याच कमी पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी काकू परत आल्या. तिसऱ्या दिवशी मीच कळशी भरून खिडकीत ठेवली. मग ती रीतच पडली. आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही. माझ्यापाशी त्या चिडल्या नाहीत कधी, त्याचं कारण हेच असावं. खरं सांगायचं तर मला त्यात मजा वाटायची. म्हाताऱ्याचं मन राहतंय, वाडी राहतेय, काकूंचा सोनटक्का राहतोय, आणि माझं जातंय काय, एक कळशी पाणी. मला वाटायचं मी पुण्य करतेय. केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या तेव्हा काका म्हणाले ऊन फार आहे. मी मान डोलावली.

आणि मग इंजिन पूर्ण झालं.

मी एका सकाळी विहिरीकडून आलेल्या आवाजाने बाहेर धावले. आधी वाटलं विमान पडलं. विहिरीच्या कट्ट्यावर लोखंडी चौकट, तिच्यावर ते अमेरिकन इंजिन, पट्टा लावून पंपाला जोडलेलं, आणि पंपातून हत्तीच्या सोंडेसारखं पाणी. अर्धा गाव गोळा झाला होता. मी काकांना ओरडून विचारलं हे काय चाललंय. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, नवं बांधलेलं इंजिन आधी रुळवावं लागतं, हलक्या कामावर. गाडी तयार होईपर्यंत ते बसून काय करेल? केळी शिंपेल. पेट्रोल पाण्यासारखं जात होतं, म्हणून रोज अर्धाच तास, पण तो अर्धा तास काका कट्ट्यावर हात मागे बांधून उभे राहत. चेहरा असा की लेकाचा सत्कार चाललाय.

वाडीतल्या पंपाच्या इंजिनाला रेडिएटर नसतो. वर येणाऱ्या पाण्यातलंच थोडं एका बारीक नळीने इंजिनाच्या पोटातून फिरवतात आणि पाटात सोडतात. इंजिन गार राहतं, पाणीही वाया जात नाही. काकांनी जन्मभर हेच केलं होतं, या परदेशी पाहुण्यालाही त्यांनी तेच केलं. गाडीचा रेडिएटर तसाही कुजून गेला होता. ती बारीक नळी मी दोन वर्षं रोज सकाळी पाहत होते. दुपारी खिडकीत कळशी ठेवत होते. शाळेत मी विज्ञान शिकवते. लोखंड का गंजतं यावर दरवर्षी पोरांकडून प्रयोग करून घेते, एक खिळा साध्या पाण्यात, एक मिठाच्या. तरी माझ्या डोक्यात या दोन गोष्टी एकदाही शेजारी आल्या नाहीत. आजही याचा मला धक्का बसतो, बाकी सगळ्यापेक्षा जास्त.

मग काकांचे हात थरथरायला लागले. एक दिवस सकाळी माझ्या दाराशी येऊन ते म्हणाले, गाडी विकायची. आपल्याकडून आता अंगाचं काम होणार नाही, आणि आपण मेल्यावर भंगारवाला ती तोडून नेईल. इंजिन आपलं काम होतं, ते झालंय. कोणी जाणता भेटला तर तो गाडीत बसवेल, रस्त्यावर चालवेल. "माझं एक काम तरी विहिरीपासून लांब जाऊ दे," असं म्हणून ते हसले. मला फोनवर जाहिरात टाकायला सांगितलं आणि मजकूर सांगायला बसले.

तेवीस दोष सांगितले. दारं निखळलेली, तळाला भोक, काच तडकलेली, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, सीट नाही, कोंबडी आहे. मी कागदावर सगळं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. आणि फोनवर टाकताना लिहिलं: जुनी अमेरिकन गाडी, दोन दारं, आठ सिलिंडर, इंजिन नव्याने बांधलेलं, चालू, बाकी काम अपूर्ण. इतकंच. मला काय ठाऊक, मन राखण्याची मला सवयच लागली होती.

फोन आले. एकाने विचारलं, मसल कार आहे का? मी काकांना सांगितलं, अशा हलक्या अंगाच्या आणि मोठ्या इंजिनाच्या ताकदवान गाडीला हल्ली तसं म्हणतात. काका म्हणाले, अंगच नाहीय, नुसती ताकद आहे, तसं सांगा. जो फोन करील त्याला ते तेवीसच्या तेवीस दोष ऐकवत. बहुतेक जण सातव्या-आठव्याला फोन ठेवत. एक जण मात्र शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, रविवारी येतो.

तो अंधेरीहून आला. पस्तिशीचा, तेलकट नखांचा, जुन्या गाड्या जमवणारा. काकांनी तेवीस दोष पुन्हा, एकेकावर बोट ठेवून दाखवले. तो वहीत लिहून घेत होता, आणि तेवढ्यावरच काकांना तो आवडला. मग विहिरीवर आले. काकांनी इंजिन सुरू केलं. तो माणूस गुडघ्यावर बसला आणि कान जवळ नेला. "काका," तो उठून म्हणाला, "मी हे इंजिन गॅरेजमध्ये चार जणांकडून बांधून घेतलं असतं तरी असं वाजलं नसतं." काका दुसरीकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी म्हटलं नव्हतं. आम्ही म्हणायचो, पण आम्हाला काय कळतं?

सौदा ठरला. काकूंनी विडा-सुपारी आणि नारळ आणला. गाडी न्यायला मोठी गाडी दाराशी उभी होतीच. काकांनी इंजिन बंद केलं आणि पाण्याची ती बारीक नळी सोडवायला घेतली. नळीतून विटकरी रंगाचा गाळ आला. काका थांबले. इंजिनाच्या कुशीला पाण्याच्या वाटेवर पत्र्याच्या गोल टोप्या बसवलेल्या असतात. त्यातल्या एकीवर ओल दिसली म्हणून त्यांनी फडक्याने पुसलं, आणि अंगठ्याने जरा दाबलं.

अंगठा आत गेला.

पापडात जावा तसा. लाल पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. त्यांनी अंगठा बाहेर काढला, भोकात बोट घालून फिरवलं, आणि आतून खपलीएवढा पांढुरका थर खरवडून काढला. बराच वेळ तो तळहातावर धरून पाहत राहिले. जिभेला लावला, आणि मग आठवण झाल्यासारखे थांबले. माझ्याकडे वळले आणि तळहात पुढे केला.

"बाई, चाटून बघा. मन राखू नका."

काकू नारळ धरून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण त्या माझ्याकडे पाहत होत्या हे मला कळत होतं. तो थर मी बोटाला घेतला. तोंडात घालण्याआधीच मला सगळं कळलं, खिडकी, कळशी, नळी, खिळे, सगळं एकदम. खोटं बोलता आलं असतं. गंज आहे नुसता, म्हणता आलं असतं. गाडी गेली असती, वाडी राहिली असती.

"खारट आहे," मी म्हटलं.

काकांनी मान हलवली. रागावले नाहीत. हिशोब जुळत नसलेल्या माणसासारखे ते काकूंकडे बघायला लागले. "मग डाळ?"

"डाळ बाईंच्या नळाच्या पान्याची," काकू म्हणाल्या. "तीन वर्सं."

काकांनी फडकं घेतलं, हात पुसले, एकेक बोट. मग त्या अंधेरीच्या माणसाकडे वळून म्हणाले, चोविसावा दोष राहिला होता, लिहून घ्या. विहीर खारी आहे. तिचंच पाणी दोन वर्षं या इंजिनाच्या पोटातून फिरलंय. आतून कुठे कुठे खाल्लं असेल ते आता मलाही सांगता येणार नाही. तो माणूस भला होता. म्हणाला, टोप्या बदलता येतात, पुन्हा उघडून बघू, मी असंही घेतो. काका ऐकेनात. बांधलेलं म्हणून विकलं होतं, आता ते बांधलेलं नाही. शेवटी तो गाडीचं अंग, दारं आणि कागद घेऊन गेला. इंजिन विहिरीवर राहिलं. कोंबडीला त्याआधी काकूंनी उचलून गोठ्यात ठेवलं.

त्या संध्याकाळी काकांनी मला जेवायला बोलावलं. मला वाटलं आता बोलणार, आणि मी बोलणी खायला तयार होते. मला ते हवंच होतं. पण काकूंना त्यांनी विहिरीच्या पाण्याची डाळ करायला सांगितली होती. तीन ताटं. पिवळं पाणी आणि तळाशी टणक दाणे. काकांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, जिभेने दाणा दाबला. मग दातांनी फोडला. तो आवाज मला ऐकू आला. आम्ही तिघांनी ती डाळ शेवटपर्यंत खाल्ली.

आचवताना ते मला म्हणाले, "तुमचं वाईट नव्हतं मनात. हिचं पन नव्हतं. पन इंजिनाला ते काय ठाऊक?" यापेक्षा त्यांनी मला वाडीतून हाकललं असतं तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी ते माझ्या दाराशी आले. म्हणाले, फोन काढा, वाडीचं लिहायचंय. मी हादरले, तरी वाट मी त्याचीच बघत होते. बिल्डरचा माणूस तर कधीचा तयार होता, त्याला जाहिरातीची गरज नव्हती. पण काकांच्या मते विकायचं म्हणजे आधी लिहून द्यायचं. ते ओटीवर बसले, काकू आत चुलीपाशी होत्या. काका सांगत गेले, मी आधी कागदावर लिहीत गेले. विहीर खारी. पश्चिमेच्या बांधावर चुलत्यांशी वाद. पावसात मागच्या कोपऱ्यात पाणी साचतं. केळी तीन वर्षांत मरेल, चिकू त्यानंतर. विहिरीवर बिघडलेलं इंजिन आहे, ते विकलं जाणार नाही, त्याला मी हलवीन.

मी सगळं लिहिलं. या वेळी एक अक्षरही गाळलं नाही.

आतून काकूंचा आवाज आला. चिडलेला नव्हता, रडवेलाही नव्हता; भाजीत मीठ घातलं का विचारावं तसा. "सोनटक्का अजून येतो म्हनावं. ते पन लिहा."

काकांनी कधी कोणत्याही वस्तूचा गुण सांगितला नव्हता, आणि मला लिहू दिला नव्हता. मी पेन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. ते विहिरीकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "लिहा. पन दोषांच्या खाली."

मी दोषांच्या खाली लिहिलं, सोनटक्का अजून येतो. मग त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावून पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि शेवटच्या ओळीपुढे स्वतःच्या थरथरत्या हाताने पेन्सिलने सही केली.